थ्रॉटल बॉडी घरी साफ करताना: आधी बघा, मग स्प्रे उचला

रानवाट

इथल्या वेगवेगळ्या धाग्यांवर एकच तक्रार फिरून फिरून येते आहे. गाडी गरम झाली की सिग्नलला आरपीएमचा काटा खालीवर होतो, एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन दचकतं, कधी बंदच पडतं. रस्त्यावर पळताना मात्र काही जाणवत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी "थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या" असं एका ओळीत लिहितं आणि विषय तिथेच थांबतो. म्हणून हा स्वतंत्र धागा. सध्या पेट्रोल गाड्यांपुरतंच लिहितो, डिझेलचं प्रकरण वेगळं आहे.

एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेली जाड रबरी किंवा प्लास्टिकची नळी जिथे इंजिनाकडे जाऊन संपते, तिथे एक ॲल्युमिनियमचा गोल तुकडा असतो, तीच थ्रॉटल बॉडी. त्यात मधोमध आडव्या दांड्यावर फिरणारी गोल झडप, मिस्त्री तिला बटरफ्लाय म्हणतात. आपण पेडल दाबतो तेव्हा पेट्रोल वाढत नाही, ही झडप उघडते. हवा वाढते, ती सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो.

या झडपेवर काजळी बाहेरच्या धुळीमुळे धरते असा समज आहे. धूळ फिल्टर अडवतो. इंजिनाच्या आत पिस्टनच्या कडेने जो थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत निसटतो, तो ऑइलची वाफ घेऊन पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेमार्गे आणि ब्रीदरच्या नळीने परत इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत सोडलेला असतो. इंजिन बंद केल्यावर ही गरम तेलकट वाफ थंड धातूवर बसते. जास्त करून झडपेच्या मागच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला आणि नळीच्या भिंतीवर झडपेची कड जिथे टेकते नेमक्या त्या वर्तुळावर.

आणि त्या वर्तुळावरचा थरच त्रास देतो. समजा नळीचा व्यास ५० मिलिमीटर आहे. परीघ झाला साधारण १५७ मिलिमीटर. त्यावर कडेकडेने ०.१ मिलिमीटरचा थर जमला तरी १५ चौरस मिलिमीटरहून जास्त वाट बुजते. छोट्या इंजिनाला आयडलला, म्हणजे पेडल न दाबता नुसतं चालू असताना, जी फट लागते ती मुळात दहा-पंधरा चौरस मिलिमीटरच्या घरातली असते. झडप पूर्ण उघडल्यावर हीच वाट १९०० चौरस मिलिमीटरच्या पुढे जाते, तिथे एवढ्याशा थराने काय फरक पडणार? म्हणून पळताना गाडी ठणठणीत आणि सिग्नलला आजारी. ज्यांची गाडी पळतानाही ओढत नाही, त्यांनी थ्रॉटलच्या मागे लागू नये. प्लग, कॉइल, फ्युएल फिल्टर, क्लच यांच्याकडे आधी बघावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम "दर सर्व्हिसला करायचं" नाही. नळी काढून टॉर्च मारली की दोन मिनिटांत कळतं. भिंतीवर हलका तपकिरी पुसट डाग असेल तर नळी परत लावा आणि चहा प्या. काळी, बोटाला जाणवणारी कडा दिसली तरच पुढे.

पद्धत पुढच्या प्रतिसादात लिहितो, एका दमात लांबलं.

रानवाट

इंजिन पूर्ण थंड असू द्या. हवेशीर जागा, जवळपास विडी-काडी, देवाचा दिवा, गीझर काही नको. हे स्प्रे पेट्रोलइतकेच पेट घेतात. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या. वर बघून स्प्रे मारला की थेंब उडतातच.

स्प्रे डब्यावर "थ्रॉटल बॉडी क्लीनर" असं लिहिलेला घ्या. स्वस्त पडतो म्हणून जुना कार्ब्युरेटर क्लीनर घेऊ नका. काही थ्रॉटलच्या झडपेवर आणि भिंतीवर कारखान्यातून काळसर लेप दिलेला असतो, कडा नीट बसावी म्हणून. जहाल द्रावण तो लेप उतरवतं आणि मग आयडल कायमचं वर राहतं. काळं दिसतं ते सगळं काजळी नसतं, हे घासायच्या आधी लक्षात ठेवा. काजळी फडक्याला येते, लेप येत नाही. येईपर्यंत घासत बसायचं नसतं.

नळीच्या क्लिपा सैल करा, नळीवरचा सेन्सरचा कनेक्टर काढताना लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. नळी बाजूला केली की झडप समोर. फोटो काढून ठेवा.

स्प्रे फडक्यावर मारायचा, झडपेवर धो धो नाही. दांडा दोन्ही टोकांना बेअरिंगमध्ये बसतो आणि एका टोकाला मोटर, गिअर, पोझिशन सेन्सर असतात. भरपूर मारलेलं द्रावण वाहत तिकडेच जातं. लिंट न सुटणारं फडकं घ्या. जुन्या सुती बनियनचं चालतं, टॉवेलचं नको. कडेला कान साफ करायच्या काड्या, कोपऱ्यात मऊ टूथब्रश. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हरने खरवडणं अजिबात नाही. पहिलं फडकं डांबरासारखं काळं येईल, तिसरं-चौथं चहाच्या रंगाचं. तिथे थांबा.

झडपेची मागची बाजू पुसायला ती उघडावी लागते, आणि गडबड होते ती इथेच. ज्या गाडीत पेडलपासून केबल येते (सँट्रो झिंग किंवा त्या काळच्या बऱ्याच गाड्या) तिथे हाताने केबलची चकती फिरवा, काही होत नाही. ज्या गाडीत केबल नाही, मोटर आहे, तिथे झडप बोटाने ढकलू नका. आतले गिअर बहुतेक प्लास्टिकचे असतात. एकाने आत बसून चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, पेडल हळू पूर्ण दाबून धरायचं. झडप उघडते. मग लाकडी काडीला फडकं गुंडाळून मागची बाजू पुसायची. बोट आत नाही म्हणजे नाही. आत बसलेल्याचा पाय निसटला तर झडप जोरात मिटते.

घाटमाथा

उत्तम धागा, वाखु (वाचनखूण) साठवली.

एक शंका. सगळीकडे "आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा" असं सांगतात. तुम्ही तर चावी ऑन करायला सांगताय. दोन्ही एकदम कसं जमणार?

रानवाट

@घाटमाथा, दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. थ्रॉटल बॉडी गाडीवरच ठेवून पेडलने झडप उघडणार असाल तर बॅटरी जोडलेलीच हवी आणि थ्रॉटलचा कनेक्टरही. अख्खी थ्रॉटल बॉडी उतरवणार असाल तर निगेटिव्ह आधी काढा, मग कनेक्टर. कनेक्टर काढलेला असताना चावी ऑन केली की ईसीयूत बिघाडाचा कोड पडतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

उतरवायची गरज फार कमी वेळा पडते. उतरवली की मधलं गॅस्केट किंवा ओ-रिंग बदलायची तयारी ठेवा. ती चेपलेली परत बसवली आणि हवा गळायला लागली तर आयडल कमी होतं ते आता जास्त होईल.

बर्फाळ_कोल्हापुरी

इथे टोरांटोत राहतो, त्या अनुभवावरून एक भर. बऱ्याच थ्रॉटल बॉडीतून इंजिनाचं कूलंट फिरवलेलं असतं, बारीक रबरी नळ्यांनी. थंड आणि दमट हवा झडपेजवळून वेगात जाताना आणखी गार होते, बाष्प गोठून झडप अडकू शकते, ते टाळायला ही सोय. पुण्या-मुंबईच्या हवेत त्याचा उपयोग नसला तरी त्याच डिझाइनच्या गाड्या तिकडेही विकल्या जातात, त्यामुळे नळ्या असतात. अख्खी बॉडी उतरवताना या नळ्या काढल्या की कूलंट सांडतं, आत हवा शिरते आणि पुढे हीटर-रेडिएटरची कटकट. गाडीवरच साफ करा या रानवाट यांच्या सल्ल्याला माझ्याकडून +१.

अबोली

माझ्या गाडीचं हेच काम मागच्या सर्व्हिसला करून दिलं असं बिलावर लिहिलंय. "थ्रॉटल बॉडी क्लीनिंग" आणि "इंजिन डीकार्बनायझिंग" अशा दोन वेगळ्या ओळी. गाडीला तेव्हा काही त्रास नव्हता. आणि आता, काम झाल्यावर, थंड असताना आयडल १२००च्या आसपास राहतं, गरम झाल्यावर ९५०. आधी ७५० असायचं. सर्व्हिस सेंटर म्हणतं "सेट होईल". खरंच होतं का आपोआप?

टॉर्करेंच

@अबोली ताई, होतं, पण प्रत्येक गाडीत आपोआप नाही. कारण समजून घेतलंत तर त्यांच्याशी नीट बोलता येईल.

काजळी जसजशी वाढते तसतसा ईसीयू झडप आयडलला थोडी थोडी जास्त उघडत जातो आणि ते नवं माप लक्षात ठेवतो. आपण एका दुपारी काजळी पुसून टाकली, ईसीयूला त्याची खबर नाही. तो जुन्याच मापाने झडप उघडतो, हवा जास्त जाते, आयडल चढतं. नवं माप शिकवावं लागतं. काही गाड्या दोन-चार दिवसांच्या वापरात शिकतात. काहींना ठरलेली रीत लागते.

होंडाची रीत सोपी आहे: एसी, दिवे, पंखा सगळं बंद, गाडी न्यूट्रलला. इंजिन चालू करून ३००० आरपीएमवर धरायचं, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत. मग पाय काढून घ्यायचा आणि साधारण ५ मिनिटं पेडलला हात-पाय न लावता आयडलवर ठेवायचं. त्या ५ मिनिटांत पंखा लागला तर तो चालू असलेला वेळ धरायचा नाही.

निसानमध्ये तीन टप्पे असतात: पेडलची सुटी स्थिती शिकवणं, मिटलेल्या झडपेची स्थिती शिकवणं आणि मग आयडलची हवा शिकवणं. मधल्या टप्प्यात चावी बंद केल्यावर किमान १० सेकंद थांबायचं असतं आणि त्या वेळात झडपेचा घर्र आवाज कानाने टिपायचा असतो. फोक्सवॅगन-स्कोडाला स्कॅनर लावूनच "बेसिक सेटिंग" करावं लागतं, त्याशिवाय घरी हात घालू नये असं माझं स्पष्ट मत.

तुमच्या बाबतीत सर्व्हिस सेंटरला एवढंच विचारा: "साफ केल्यावर आयडल रीलर्न केलं का? स्कॅनरवर दाखवा." हे शब्द वापरा. सेट होईल, बघू, नंतर या, यावर समाधान मानू नका. पैसे घेतलेत तर काम पूर्ण करून देणं त्यांचं कर्तव्य आहे.

नागपुरी_ऊन

आमच्या मिस्त्रीची पद्धत वेगळी. इंजिन चालू ठेवतो, रेस देतो आणि नळीतून स्प्रे मारत राहतो. पाच मिनिटांत काम खल्लास, पांढरा धूर निघतो, "सगळा कार्बन बाहेर पडला" म्हणतो. वर्षानुवर्षं करतोय, गाड्या चालतात. यात चूक काय?

टॉर्करेंच

@नागपुरी_ऊन, केबलच्या जुन्या गाड्यांत ही रीत चालून गेली, त्यामुळे तुमच्या मिस्त्रींना दोष देत नाही. पण आताच्या गाडीत तीन गोष्टी आडव्या येतात. नळी काढलेली असताना मास एअर फ्लोची (नळीतल्या सेन्सरने हवा मोजणारी) गाडी नीट चालतच नाही, आणि नळी लावून स्प्रे मारला तर त्या सेन्सरची नाजूक तार किंवा फिल्म खराब होते. दुसरं, सुटलेला चिखल आणि न जळलेलं द्रावण ऑक्सिजन सेन्सर आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरून जातं. कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा. तिसरं, बॅकफायर, म्हणजे इनटेकमधून उलटा भडका, झाला तर हातातला डबा पेटू शकतो.

आणि तो पांढरा धूर जळणाऱ्या स्प्रेचा असतो. कडेवरची काजळी पुसल्याशिवाय जात नाही. त्यांच्याकडून काम झाल्यावर लगेच नळी काढून टॉर्च मारा, स्वतःच दिसेल.

जुनीगाडी

डिझेलवाल्यांसाठी धोक्याची सूचना इथेच देतो, कारण कोणीतरी वरचा प्रतिसाद वाचून प्रयोग करेल. चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये कुठलाही ज्वलनशील स्प्रे मारू नका. पेट्रोल इंजिनाला पेटायला ठिणगी लागते, चावी बंद करून ठिणगी तोडली की ते थांबतं. डिझेलमध्ये इंधन मिळालं की ते दाबाने पेटतं, मग ते इंजेक्टरमधून आलेलं असो वा तुमच्या डब्यातून. इंजिन सुसाट सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. डिझेलमध्ये झडप असली तरी ती ईजीआरसाठी (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवण्यासाठी) आणि इंजिन धक्का न देता बंद व्हावं म्हणून असते. तिथली काजळी ईजीआर आणि मॅनिफोल्डमधली, ते उतरवून करायचं काम आहे, गॅरेजचं.

टर्बो पेट्रोल, थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांचंही असंच थोडं. तिथे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि कार्बन त्यांच्यावर साठतो. थ्रॉटल आरशासारखा केला तरी तो तिथेच राहतो. त्याला अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्याचा मारा करतात.

घाटमाथा

आज नळी काढून बघितली. १.२ पेट्रोल, कंपनीची सीएनजी नाही, नंतर बसवलेली. मला त्रास दोन्हीवर आहे पण सीएनजीवर जास्त. चावी बंद असताना झडप थोडी उघडीच दिसते, साधारण दोन-तीन मिलिमीटर. अडकलीय का? आणि काजळी फारशी नाही. पुढून तर जवळजवळ स्वच्छ.

रानवाट

@घाटमाथा, बघितलंत हे छान केलंत. अडकलेली नाही. मोटरवाल्या झडपेला वीज नसताना स्प्रिंग तिला थोडी उघडी धरते. वायरिंग तुटलं तरी गाडी हळूहळू घरापर्यंत यावी यासाठी तसं ठेवलंय. चावी ऑन केली की ती आपल्या जागेवर जाते, बारीक गुणगुण ऐकू येईल.

पुढून स्वच्छ म्हणजे पूर्ण स्वच्छ नव्हे, घाण मागे असते. पेडल दाबून धरायला कोणाला तरी बसवा आणि मागची बाजू आरशाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघा.

सीएनजीसाठी सोपी पारख: आयडलचा त्रास फक्त सीएनजीवर असेल आणि पेट्रोलवर काटा स्थिर असेल, तर थ्रॉटल निर्दोष. हवेची वाट दोन्हींना एकच आहे. तेव्हा प्लग, सीएनजीचा फिल्टर, रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), इंजेक्टर बघायचे. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे झिजलेला प्लग सीएनजीवर आधी चुगली करतो. दोन्हींवर त्रास असेल तर थ्रॉटल किंवा कुठेतरी हवा गळते आहे.

आयडल कमी होऊन बंद पडतं की जास्त होऊन खालीवर होतं? ते सांगा.

घाटमाथा

जास्त होतं. ११००पर्यंत जातं, परत ८००, परत वर. पेट्रोलवरही होतं. ब्लूटूथवालं ओबीडी (गाडीतले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) लावलं तर पी०१७१ दाखवतंय.

टॉर्करेंच

मग स्प्रेचा डबा ठेवून द्या. थ्रॉटलवर काजळी असेल तर हवा कमी पडते, आयडल खाली जातं, कोड आला तर पी०५०६ येतो, म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी. तुमचं उलट आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी, कुठून तरी न मोजलेली हवा शिरते आहे. झडपेच्या मागे, इंजिनाच्या बाजूला ज्या बारीक रबरी नळ्या आहेत त्या सगळ्या बोटांनी चाचपत जा. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी, कॅनिस्टर पर्जची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात आणणारी) नळी. वाकवून बघा, वरून नीट दिसणाऱ्या नळीला खालून चीर असते.

गाडी उघड्यावर उभी असते का? पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात आणि रबर कुरतडतात.

घाटमाथा

सापडलं! पीसीव्हीच्या नळीला खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी कडेला चीर आहे. वरून काहीच दिसत नव्हतं. बोटाने दाबून धरली तर काटा ८००वर स्थिर झाला. उंदराचे दात नाहीत, रबरच कडक होऊन तडकलंय. सीएनजी किट बसवताना ती नळी ओढून नव्या जागी फिरवलेली दिसते.

झडपेची मागची बाजूही बघितली. तपकिरी आहे, कडा जाणवत नाही. हात लावला नाही.

अबोली

@टॉर्करेंच, तुमचे शब्द जसेच्या तसे वापरले. रीलर्न केलेलंच नव्हतं. समोर स्कॅनर लावून करून दिलं, गरम इंजिनवर आता ७५० दाखवतंय आणि एसी लावला तरी दचकत नाही. डीकार्बनायझिंगमध्ये नक्की काय केलं ते विचारलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. लेखी मागितलंय.

रानवाट

@अबोली, उत्तम. लेखी आलं की इथे मजकूर टाका, सेंटरचं नाव न घेता.

@घाटमाथा, नळी कंपनीचीच घ्या. बाजारातली साधी रबरी नळी ऑइलच्या वाफेने फुगते आणि मऊ होऊन आत चिकटते. नळी काढाल तेव्हा पीसीव्ही व्हॉल्व्हही काढून कानाशी हलवून बघा. बहुतेक प्रकारांत आतली गोळी किंवा पिन खडखड वाजते. वाजत नसेल तर अडकलाय, बदला, स्वस्त भाग आहे. आणि सपाट जागेवर डिपस्टिक बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर वाफ जास्त होते आणि आज स्वच्छ असलेली झडप लवकर काळी होते. नवी नळी बसवल्यावर कोड पुसून दोन्ही इंधनांवर चालवून बघा, पी०१७१ परत येतो का ते कळवा.

घाटमाथा

ऑइल दोन खुणांच्या मधोमध आहे. व्हॉल्व्ह वाजतो. नळी मागवली आहे, शनिवारी मिळेल. तोवर गाडी पेट्रोलवरच ठेवू का?

टॉर्करेंच

हो, पेट्रोलवरच ठेवा. पातळ मिश्रणावर सीएनजीत बॅकफायर झाला तर फिल्टरचा डबा फुटतो.